सेकंडहँड ट्विन इंजिन विमान घ्यावं का? (१९७९ चं सेमिनोल)

पांढरकवडा_पायलट :
नमस्कार मंडळी. दोन महिने डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकतो.

माझ्याकडे पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे. २३० तास झालेत, सगळे सेसना १५२ आणि १७२ या एका इंजिनाच्या विमानांवर. घरी जिनिंग आणि ३० एकर वावर. मोठी मुलगी हैदराबादला शिकते, धंद्याची निम्मी कामंही तिकडंच. नागपूरहून हैदराबाद सरळ उडत गेलं तर चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. मित्राच्या १७२ नं पाच-सहा खेपा केल्या. पण पैनगंगा ओलांडली की पोटात गोळा येतो. उजव्या हाताला टिपेश्वर, पुढं तेलंगणात कवालचं जंगल. कान इंजिनाकडं आणि डोळे खाली मोकळं वावर शोधत असतात. मागच्या खेपेला मंडळी सोबत होती. उतरल्यावर म्हणाली, "अर्धा तास तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

म्हणून ट्विनचा, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचा विचार. दक्षिणेतल्या एका शहरात पायपर सेमिनोल विकायला आहे, १९७९ चं. आधी ट्रेनिंगला होतं, मग एका खाजगी मालकानं घेतलं. इंजिनांचे ओव्हरहॉलनंतर (सगळं उघडून नीट केल्यावर) फक्त ६०० तास झालेत आणि गेल्या सहा वर्षांत जेमतेम ४० तास उडालंय. मालक म्हणतो इंजिन नव्यासारखं आहे. मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे ट्विन उडवायची परवानगी, मी अजून केलेलं नाही, विमान ठरलं की करीन.

प्रश्न एकच. आपल्या भागात, आपल्या उन्हात, माझ्यासारख्या महिन्यातून दोनदा उडणाऱ्यानं ट्विन घ्यावं का? अनुभव असेल त्यांनी मोकळेपणानं सांगा.

तर्री_स्पेशल :
भाऊ, दोन इंजिनं म्हणजे बैलजोडी. एक बैल बसला तर दुसरा गाडी ओढते, पण तिरपी ओढते.

बेलोरा_ते_बिर्सी :
तर्रीभाऊ, एका ओळीत अर्धा अभ्यासक्रम सांगितलात.

मी मल्टी शिकवतो, अकरा वर्षं झाली. बैलजोडीचंच उदाहरण पुढं नेतो. उजवं इंजिन बंद पडलं की डावं नाकाला उजवीकडं ढकलतं. ते थोपवायला डावा रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायानं फिरवायचं) दाबून धरावा लागतो. वेग एका मर्यादेखाली गेला की रडरची ताकद पुरत नाही आणि विमान बंद इंजिनाकडं उलथतं. त्या वेगाला व्हीएमसी म्हणतात, वेगाच्या घड्याळावर लाल रेघ असते. निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात जास्त चढ देणारा वेग. पोरांकडून पहिल्या दिवशी घोकून घेतो : जो पाय ढिला, ते इंजिन मेलं. मग खात्री करा, मग फेदर करा, म्हणजे पाती वाऱ्याला आडवी न राहता कडेनं उभी राहतील. यात रेंगाळायला जागा नाही. सेमिनोलच्या प्रोपेलरचं फिरणं साधारण ९५० आरपीएमच्या खाली गेलं की तो फेदर होतच नाही. मग ते बंद पंखं तुम्हाला मागं ओढत बसतं.

आता आपलं ऊन. दोनातलं एक इंजिन गेलं तर ताकद निम्मी जाते, पण चढण्याची क्षमता निम्मी जात नाही, जवळपास ८० टक्के जाते. कारण बरीचशी ताकद तर नुसतं हवेत टिकून राहायलाच लागते, चढायला उरते ती वरची शिल्लक. सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे जिथवर ते जेमतेम चढतं ती उंची, पूर्ण वजनाला ३,८०० फुटांच्या आसपास आहे. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारभर फूट. मे महिन्यात दुपारी ४५ अंश तापमान असलं की हवा इतकी पातळ होते की विमानाला आपण ५,००० फुटांवर आहोत असं वाटतं. म्हणजे चाकं जमिनीवर असतानाच तुम्ही सीलिंगच्या वर! त्या दुपारी भरलेलं सेमिनोल उचललंत आणि एक इंजिन गेलं, तर दुसरं तुम्हाला चढवणार नाही. उतरण्याची जागा थोडी लांब नेऊन देईल एवढंच.

तेच विमान डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांत न्या. एका इंजिनावर मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फूट चढेल. जीव वाचवायला तेवढं पुरतं.

पांढरकवडा_पायलट :
सर, हे माहीत होतं असं वाटायचं. आकडे शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते. मे महिन्याचं वाचून खरंच हादरलो.

धुरा :
मी शेतकरी माणूस, इमानातलं काई समजत नाई. पन हा धागा वाचून राहिलो. मले एक सांगा, इंजिन बंद पडलं तं वावरात उतरवता येते का? आमच्या वावरात उतरलं तं तूर मोडीन, पन मानूस वाचला पाह्यजे.

सातपुडा :
धुराभाऊ, तूर मोडली तरी चालेल म्हणणारा माणूस खाली आहे हे कळलं, आता बिनधास्त उडतो!

उतरवता येतं. पण महिना बघावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपली काळी माती नुसता चिखल, पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर उलटतं. ऑक्टोबरात पऱ्हाटी छातीपर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघाला की वावरं सपाट आणि कोरडी, ती सगळ्यात चांगली. मे महिन्यात वरून मोकळं दिसतं, पण नांगरलेलं ढेकूळ आणि हातभर भेगा. सरीच्या आडवं कधीच उतरू नये, सरीला धरून उतरावं. तुरीची रांग कुठल्या दिशेला आहे ते वरून नीट दिसतं.

मूळ प्रश्नावर माझं मत बेलोरासरांपेक्षा थोडं वेगळं आहे. जंगलाची भीती हेच कारण असेल तर ट्विनची गरज नाही. १७२ इंजिन बंद पडल्यावर हजार फुटांमागं अडीच-पावणेतीन किलोमीटर सरकतं. जमिनीपासून आठ हजार फुटांवर असाल तर वीस किलोमीटरच्या टापूत कुठंही जाता येतं. आणि सरळ रेघच कशाला? ४४ नंबरचा हायवे तुमच्या दारातूनच जातो. पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद. वळसा पडेल, वीसेक मिनिटं जास्त लागतील. पण खाली बहुतेक ठिकाणी वावरं आणि रस्ता.

आणि वावरात उतरायची वेळ आलीच तर हलकं विमान बरं. १७२ अकराशे किलोंच्या आसपास, सेमिनोल पूर्ण वजनाला सतराशेच्या वर. वेगही जास्त. आदळल्यावर फरक पडतो.

बेलोरा_ते_बिर्सी :
सातपुडा, हे मान्य. फक्त आठ हजार फुटांवर पोचेपर्यंत काय, हा प्रश्न उरतो. बहुतेक घोळ उड्डाणानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत होतात.

हिशोबनीस :
खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या एका अशिलानं ट्विन सहा वर्षं ठेवलं होतं, सगळी बिलं माझ्या हाताखालून गेली.

विमानाची किंमत हा सगळ्यात छोटा आकडा. सेमिनोल दोन्ही इंजिनं मिळून तासाला ७० ते ७५ लिटर अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल पिते. हैदराबादला जायला दीड तास लागतो, जाऊन येऊन सव्वादोनशे लिटर धरा. अ‍ॅव्हगॅस पूर्वी बाहेरून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली, त्यामुळं जरा सोपं झालं. पण ते बहुधा बॅरलनं येतं. बॅरल ठेवायची जागा, पंप, गाळणी, परवानगी, सगळं तुमच्याकडं.

मग ओव्हरहॉल. सेमिनोलच्या लायकमिंग ओ-३६० इंजिनाला कंपनी २,००० तास किंवा १२ वर्षं सांगते. एका इंजिनाला आज तीस लाखांच्या खाली धरू नका आणि तुमच्याकडं दोन आहेत. प्रोपेलर दोन, गव्हर्नर दोन, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची भानगड दोन. वर आत-बाहेर होणारी चाकं, ती १७२ ला नसतात. विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते, मल्टीचे तास किती. तुमचं उत्तर शून्य आहे.

बाहेरून आणायचं कोणी सुचवलं तर तेही सांगतो. खाजगी वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झालाय. म्हणून देशातलंच व्हीटी नंबरचं (भारतात नोंदलेलं) बघताय ते बरोबर.

तर्री_स्पेशल :
मग टेकनाम बघा ना! पी२००६टी. दोन रोटॅक्स इंजिनं, शंभर-शंभर हॉर्सपॉवर, दोन्ही मिळून तासाला ३५ लिटरच्या आसपास. आणि पेट्रोलवर चालते. फाट्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणा.

एएमई_दादा :
तर्रीभाऊ, थांबा. हे वाचून कोणी खरंच कॅन घेऊन निघेल म्हणून लगेच लिहितोय. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. पंपाचं पेट्रोल टाकायचं नाही म्हणजे नाही. रबर फुगतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गरम दिवसात व्हेपर लॉक (नळीतच पेट्रोलची वाफ होऊन अडणं) वेगळाच.

तर्री_स्पेशल :
चुकलो दादा. ती ओळ कोणी मनावर घेऊ नका, बरं झालं टोकलं.

एएमई_दादा :
आता मुख्य मुद्दा. पांढरकवडाभाऊ, तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य मला खटकलं : "सहा वर्षांत जेमतेम ४० तास." मालक ते गुण म्हणून सांगतोय. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा दोष.

लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. इंजिन बंद झालं की तेल खाली उतरून जातं, कॅम कोरडा पडतो. रोज उडणाऱ्या विमानाला काही होत नाही. पण एक पावसाळा बंद हँगरमध्ये काढला की दमट हवेनं त्यावर गंजाचे ठिपके येतात. नंतर चालू केलं की ते ठिपके टॅपेटला (कॅमवर टेकणाऱ्या खुंटीला) कानशीसारखे घासतात. लोखंडाची भुकटी तेलात, तेलातून बेअरिंगमध्ये. ६०० तासांचं "नवं" इंजिन ८०० तासांत उघडावं लागतं. याउलट रोज चार तास उडणाऱ्या शाळेच्या विमानाचं १,६०० तासांचं इंजिन मी डोळे झाकून घेईन. शाळेच्या विमानाची चाकं आणि पुढचा पाय पोरांनी आदळून आदळून खिळखिळा केलेला असतो, तो तपासायचा. पण इंजिन सहसा निरोगी.

म्हणून बघायला जाल तेव्हा मालकाचा माणूस नको, आपला एएमई (विमान दुरुस्तीचा परवानाधारक इंजिनिअर) न्या. काय बघायचं ते सांगतो. लॉगबुकं पहिल्या पानापासून, मधलं एकही हरवलेलं चालणार नाही. एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (उडण्यालायक असल्याचा दाखला) चालू आहे का. एडी (सक्तीच्या तपासणी-दुरुस्तीचे आदेश) सगळ्या केल्यात का, आणि "केली" असा नुसता शिक्का नको, कधी, किती तासांना आणि कोणाच्या सहीनं. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. तेलाचा फिल्टर तुमच्यासमोर कापायला लावा, कागदाची घडी उलगडून उन्हात धरा, चमचम दिसली तर तिथंच चहा पिऊन परत या. आणि प्रत्येक इंजिनाचं निदान एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यानं बघा. मालक कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आणखी एक, हे फार लोकांना माहीत नसतं. जुन्या सेमिनोलच्या इंजिनाच्या नंबरात शेवटी डी हे अक्षर असतं. त्याचा अर्थ दोन्ही मॅग्नेटो एकाच डब्यात, एकाच दांड्यावर. म्हणजे कागदावर दोन, पण दांडा तुटला तर दोन्ही गेले. नंतरच्या सेमिनोलमध्ये वेगळी इंजिनं आली, त्यात दोन स्वतंत्र मॅग्नेटो आहेत. १९७९ चं आहे म्हणजे तुमचं डीवालंच असणार.

पांढरकवडा_पायलट :
दादा, मालकाला फोन केला. सिलिंडर काढायचं म्हटल्यावर आधी नाही म्हणाला. खर्च माझा म्हटल्यावर तयार झाला. पुढच्या आठवड्यात जातोय, सोबत ओळखीचे एक एएमई येताहेत.

वर्धाकाठ :
मी वैमानिक नाही. वय ७८. पण डबल इंजिनाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

१९४९ साली आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं केंद्र आपलं नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटे आपापल्या गावी परत. ती डाकोटा विमानं, दोन इंजिनांची. आमचं गाव हिंगणघाटजवळ. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपायचो, तेव्हा रात्री घरघर यायची. आजोबा म्हणायचे, "मद्रासची डाक चालली, झोप आता." घड्याळ नव्हतं घरी. आजी त्या आवाजावर उठून दळायला बसायची.

लेकरा, इमान घे नाही तर नको घे. पण मुलीला भेटायला जातो आहेस ते फार छान वाटलं.

धुरा :
काका, डोळ्यात पानी आलं. जात्याच्या आवाजात इमानाचा आवाज.

रुईवाली :
वर्धाकाठ काका, तुमच्यासाठी वेगळा धागा काढायला हवा. नक्की लिहा.

मी मल्टी रेटिंग डीए४२ या ट्विनवर केलं. डिझेल इंजिनं, जेट ए-१ वर (प्रवासी जेट विमानांच्या इंधनावर) चालतात, म्हणजे नागपूरला इंधनाची चिंता नाही. तासाला दोन्ही मिळून ४० ते ५० लिटर. एक इंजिन बंद करायचं तर त्याचा मास्टर स्विच बंद, प्रोपेलर आपोआप फेदर. सेमिनोलच्या सहा दांड्यांपुढं खूपच सोपं. पण सेकंडहँड बघताना सुरुवातीची टीलर्ट इंजिनं असलेलं निघालं तर जपून, ती ओव्हरहॉल होत नाहीत, तास भरले की अख्खं इंजिन बदलावं लागतं. टीलर्ट कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा जगभरातले मालक अडकले होते. ऑस्ट्रो इंजिनवालं असेल तर बघा, पण किंमत सेमिनोलच्या कितीतरी पट.

मला एक घरगुती गोष्ट सांगायची आहे. मागच्या मार्चमध्ये एका १७२ वर जायचं होतं. विमान चारच दिवस उभं होतं, पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर कोणीतरी घालायचं विसरलं. बाहेरची तपासणी करताना पिटोच्या नळीच्या तोंडाशी बारीकशी माती दिसली. धूळ समजून पुसणार होते. बोट लावलं तर कडक. कुंभारमाशीचं घर! आत चिखल घट्ट बसलेला. बघितलं नसतं तर धावपट्टीवर वेगाचा काटा शून्यावरच राहिला असता. चार दिवसांत तिनं घर बांधलं. तुम्ही महिन्यातून दोनदा उडणार म्हणता. प्रत्येक वेळी नळ्या, टाकीचे श्वास (हवेची भोकं), इंजिनाच्या जाळीमागची घरटी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे सगळं बघायचं. ट्विनला इंजिनाच्या बाबतीत ते दुप्पट.

सातपुडा :
आणि धावपट्टीवरचे रोही, म्हणजे नीलगायी. आमच्याकडं उतरण्याआधी एकदा खालून चक्कर मारून बघावं लागतं. रोही हलत नाही, उभा राहून टकामका बघते.

तर्री_स्पेशल :
रोह्याला वाटत असेल, हा कोणता नवीन रोही!

बेलोरा_ते_बिर्सी :
रुईवालीच्या मुद्द्याला जोडून एक विनंती. रेटिंग विमान घ्यायच्या आधी करा, नंतर नाही. आणि मे महिन्यात करू नका. याचं कारण शास्त्रातलं आहे. हवा पातळ झाली की व्हीएमसी खाली येतो, पण स्टॉलचा (पंखांचा आधार सुटण्याचा) वेग घड्याळावर आहे तिथंच राहतो. दोन्ही जवळ आले की एका इंजिनाचा सराव करताना विमान उलथायच्या आधी स्टॉल होतं आणि ट्विन भिंगरीत जाऊ शकतं. गरम हवेत, उंचावर हा सराव फार सांभाळून करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातला या.

आणि रेटिंग मिळालं म्हणजे झालं असंही नाही. इंजिन बंदचा सराव दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी शेजारी बसवून करायला हवा. महिन्यातून दोनदा नुसतं हैदराबादला जाऊन येणं हा सराव नाही. पाय विसरतात.

पांढरकवडा_पायलट (तीन आठवड्यांनी) :
मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

विमान दिसायला सुंदर. पांढऱ्यावर निळा पट्टा, आत नवी कापडं, नवा जीपीएस. मी दारातच विरघळलो होतो. एएमई काहीच बोलले नाहीत. आधी लॉगबुकं घेऊन हँगरच्या पायरीवर बसले आणि दोन तास वाचत राहिले. सगळी होती, नीट होती. कॉम्प्रेशन चांगलं. डाव्या इंजिनाचा फिल्टर कापला, स्वच्छ. मी मनात पेढे वाटले.

मग उजव्या इंजिनाचं तीन नंबरचं सिलिंडर काढलं. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच बघा." आत डोकावलं. कॅमच्या एका उंचवट्यावर तांबूस खड्डे, देवी आलेल्या माणसाच्या गालासारखे. नखानं लागत होते. टॅपेटच्या तोंडावर तसाच गोल ओरखडा. मालक शेजारी उभा होता. तोही मनापासून वाईट वाटल्यासारखा गप्प झाला. मला वाटतं त्यालाही माहीत नव्हतं. मागच्या फिल्टरांबद्दल विचारलं तर म्हणाला, कापून कोणी बघितलेच नाहीत.

डावं उघडलंच नाही. ४० लाख कमी करतो म्हणाला. हिशोबनीस साहेबांचा हिशेब मांडला, दोन्ही इंजिनं उघडायची तर तेही पुरत नव्हते. हात जोडून परत आलो. येताना रेल्वेत झोप लागली नाही.

एएमई_दादा :
नखानं लागत होते म्हणजे तिथंच विषय संपला. सिलिंडर काढायचा खर्च झाला तो फुकट गेला असं समजू नका.

हिशोबनीस :
४० लाख ऐकून मोह न होणं सोपं नसतं. अभिनंदन.

सातपुडा :
मग आता हैदराबाद कसं?

पांढरकवडा_पायलट :
मागच्या रविवारी गेलो, १७२ नंच. सकाळी लवकर निघालो, साडेनऊ हजार फुटांवर, ४४ नंबर हायवे डाव्या खिडकीत ठेवून. तुम्ही म्हणालात तसा वळसा पडला, १८ मिनिटं जास्त. निर्मलच्या घाटापाशी थोडं जंगल लागतं, पण त्या उंचीवरून दोन्ही बाजूंची वावरं सतत नजरेत होती. मंडळींना आदिलाबाद दाखवलं, गोदावरी दाखवली. पूर्ण वेळ बोलत होतो म्हणे.

मल्टी रेटिंग मात्र करणारच. बेलोरासर, जानेवारीत दोन आठवडे काढलेत, सकाळी सातला हजर. ट्विनचा विचार सोडलेला नाही. पण एकट्यानं नाही. तिघं-चौघं भागीदार असतील तर विमान आठवड्यातून तीनदा उडेल, कॅम कोरडा पडणार नाही आणि सराव एकमेकांच्या शेजारी बसून होईल. नागपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडचं कोणी इच्छुक असेल तर निरोप टाका. मेच्या दुपारी उडायचं नाही ही अट पहिल्या पानावर लिहू.

रुईवाली :
माझा निरोप टाकलाय. भागीदारीत पैसे कमी आहेत, पण पहाटे पाचला उठून विमान पुसायची तयारी आहे.

बेलोरा_ते_बिर्सी :
जानेवारीत या. रडर दाबायला पातळ तळव्याचे बूट आणा, गमबूट नको.

धुरा :
भाऊ, हायवेवरून जाता तं आमचं वावर दिसते तुमाले. करंजी फाट्याच्या अलीकडं, विहिरीवर निळी ताडपत्री हाय. तूर निंगाली की फेब्रुवारीत सपाट करून ठेवतो. सरी उत्तर-दक्षिण हाय.

पांढरकवडा_पायलट :
धुराभाऊ, नकाशावर खूण केली. पुढच्या खेपेला पंख हलवून जाईन, वर बघा.